३८ हजार की ९६ हजार? पश्चिमेच्या भिंतीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या गावात १९९४ साली बांधलेलं घर. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, कॉलम नाहीत. पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा सुटतोय, पावसात आतून ओल येते, स्लॅबच्या खाली एक आडवी चीर आहे आणि एका खिडकीच्या कोपऱ्यातून दुसरी चीर तिरकी वर गेली आहे. आई-वडील तिथे राहतात, तुम्ही पुण्यात. दोघांनी दर दिले. एकाने ३८ हजार उक्ते, म्हणजे सगळ्या कामाचे ठोक, सांगितले, दुसऱ्याने ९६ हजार. तुम्ही विचारलंय, यातला फसवणारा कोण?

तुम्ही दोन्ही कागदांत लिहिलेलं उतरवून दिलंत ते बरं झालं. पहिल्यात एकच ओळ आहे, 'पश्चिम बाजू प्लास्टर रिपेअर मालासह उक्ते'. दुसऱ्यात 'क्रॅक फिलिंग, केमिकल ट्रीटमेंट, वॉटरप्रूफ प्लास्टर, १६० रु. चौ. फूट'. म्हणजे भिंतीवर नेमकं काय करणार हे दोघांनीही सांगितलेलं नाही. तोवर या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एक जण अर्ध्या कामाचा दर सांगतोय आणि दुसरा दीड कामाचा, असंही असू शकतं. माझा अंदाज तसाच आहे, आणि तो का ते खाली हिशेबात दिसेल.

पण पैशांच्या आधी पाण्याचं बघू. भिंत पश्चिमेची आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस वाऱ्यासकट त्याच बाजूने तिरका येतो, म्हणून घराची ही एक भिंत बाकी तिघींपेक्षा आधी खराब होते. गिलावा सुटणं हा परिणाम झाला. पाणी गिलाव्याच्या मागे कुठून शिरलं ते सापडल्याशिवाय नवा गिलावा केला तर तोही चार-पाच वर्षांत त्याच जागी पोपडे धरेल. मी बघायला गेलो की भिंतीकडे बघण्याआधी गच्चीवर जातो. पॅरापेटचा, म्हणजे गच्चीच्या कठड्याचा, माथा बघतो. त्या काळच्या बहुतेक घरांत पॅरापेटवर विटांचा शेवटचा थर आणि वर नुसता गिलावा असतो. तो माथा उन्हाने तडकतो आणि पाणी सरळ विटांमध्ये उतरतं. माथ्याला उतार असलाच पाहिजे, आणि तो गच्चीच्या बाजूला, बाहेर नाही. बाहेर उतार दिला तर माथ्यावरची धूळ-शेवाळ पहिल्या पावसात भिंतीवरून काळे ओघळ सोडते.

मग पॅरापेट आणि गच्चीच्या कोब्याचा सांधा, ज्याला आपण वाटा म्हणतो. तो गोल आणि अखंड हवा. तिथे चीर गेली असेल तर ओल स्लॅबच्या कडेने येते आणि लोक भिंतीला दोष देत बसतात.

त्यानंतर छज्जे. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून इंच-दीड इंच आत, एक खाच असायला हवी. पाणी कडेवरून ओघळून छज्ज्याच्या पोटाला चिकटतं आणि तसंच भिंतीपर्यंत चालत येतं. खाच असली की ते तिथेच तुटून खाली पडतं. दहा रुपयांची पट्टी गिलावा करताना दाबून ठेवली की ही खाच तयार होते, आणि तरी दहातल्या सात घरांत मला ती सापडत नाही. खिडकीखालची फरशीसुद्धा भिंतीच्या बाहेर थोडी निघालेली आणि बाहेर उताराची हवी.

आतून ओल कुठे दिसते त्यावरून बरंच कळतं. छताला लागून पट्टा असेल तर गच्ची किंवा पॅरापेट. खिडकीभोवती असेल तर छज्जा, चौकट किंवा तळची फरशी. जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत आणि पावसाळा संपल्यावरही असेल तर जमिनीची ओल. आणि भर उन्हाळ्यात एकाच जागी डाग ओला राहत असेल तर पावसाचा संबंध नाही, पाइप शोधा. पिण्याच्या टाकीचा पाइप भिंतीतून उतरत असेल तर आधी रात्री टाकीची पातळी खूण करून सकाळी बघा.

आता भिंत. वडिलांना एक काम सांगा, ते त्यांना जमेल. गवंड्याच्या थापीचा लाकडी दांडा घ्यायचा आणि भिंतीवर वीतवीत अंतराने ठोकत जायचं. जिथे गिलावा विटेला धरून आहे तिथे टणक आवाज येतो, सुटलाय तिथे बद्द. बद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ ओढायची. हात पोचेल तेवढंच त्यांनी करायचं, वरचं बिगाऱ्याकडून बांबूने करून घ्या. सत्तरीच्या माणसाला शिडीवर चढवू नका. खडूचे वेढे झाले की लांबून फोटो काढा. आता दुरुस्ती किती हे तुम्हालाही दिसेल आणि ठेकेदारालाही.

माझा आडाखा असा आहे, आणि तो आडाखाच आहे: पाव भिंतीपेक्षा कमी बद्द वाजत असेल तर तुकडे काढून ठिगळं लावा. निम्म्याच्या वर असेल तर सगळा गिलावा उतरवा. मधल्यामध्ये असेल तर वेढे एका बाजूला जमलेत की विखुरलेत ते बघून ठरवा. ठिगळ लावायचं झालं तर जुना गिलावा सुटलेल्या रेघेच्या चार इंच पुढे, चांगल्या भागात शिरून, सरळ कडेने कापायचा. मशिनने चौकोन कापून घेतलेला सगळ्यात बरा. हाताने टवके काढून वेडीवाकडी कड ठेवली की नव्या-जुन्याच्या सांध्यावर केसाएवढी चीर हमखास येते.

चिरांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे दोन चुका होतात. साध्या चिरेला घाबरून माणूस लाखभर रुपये घालतो, किंवा धोक्याच्या चिरेत पुट्टी भरून रंग देतो.

तुमची स्लॅबखालची आडवी चीर बहुधा उन्हाची आहे. स्लॅब दिवसा तापून फुगते, रात्री आखडते. खालची भिंत तेवढी हलत नाही. दोघींच्या सांध्यावर रेघ पडते. वरच्या मजल्यावर आणि पश्चिमेला ती ठळक असते. ती कडक सिमेंटने भरली तर पुढच्या मे महिन्यात शेजारून पुन्हा उघडते. ती इंग्रजी व्ही आकारात कापून, धूळ काढून, ताणली जाणारी भरणी तिच्यात भरायची. मूळ इलाज मात्र वर आहे: गच्चीचा कोबा नीट करणं आणि त्यावर पांढरा थर देणं, म्हणजे स्लॅब कमी तापते. केसासारखं जाळं पसरलेलं दिसलं तर गिलाव्यात सिमेंट जास्त झालं किंवा पाणी कमी मारलं. त्याने घर पडत नाही.

खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर जास्त लक्ष देण्याजोगी आहे. कोपऱ्यात ताण साठतो म्हणून हातभर लांबीची बारीक चीर पुष्कळ घरांत असते. पण तीच चीर विटांच्या दरजांमधून, म्हणजे सांध्यांमधून, जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेली, किंवा खाली बारीक आणि वर रुंद झाली, तर पाया एका बाजूला खचतोय का ते बघावं लागतं. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आखडून भेगाळते, घराचा पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर हलतं. अशी चीर मेमध्ये उघडी दिसते आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटते. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी चीर मोजा. चिरेच्या दोन्ही बाजूंना खिळ्याने टिंब करा, टिंबांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, शेजारी भिंतीवरच तारीख टाका. आतून चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवली तरी चालते. भिंत हलली की काच तडकते. १ मिलिमीटरच्या आतली चीर आणि तीन महिन्यांत न बदललेली, ती भरून टाका. २ मिलिमीटरच्या वर गेलेली किंवा वाढत असलेली चीर गवंड्याचं काम नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवायचा. त्याची फी हजारांत असते, चुकीच्या दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो.

तुमचा भाग कोयनेच्या जवळचा आहे, म्हणून आणखी एक. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्या भागात शहाण्या लोकांनी खिडकी-दारांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींवर सलग आरसीसी पट्टा फिरवायला सुरुवात केली. कॉलम नसलेल्या घरात तोच पट्टा चार भिंतींना एकत्र धरतो. १९९४ च्या तुमच्या घरात तो आहे का, हे गिलावा उतरवल्यावर दिसेल. त्या दिवशी फोटो मागवाच. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात उभी चीर असेल आणि पट्टा नसेल, तर गिलावा थांबवा आणि इंजिनिअरला दाखवा. जुनं दगडी घर असतं तर मी भिंतीचं पोट सुटलंय का ते आधी बघायला सांगितलं असतं. दोन बाजूंना दगड आणि मध्ये माती-खडी, दोन्ही अंगांना बांधणारे आरपार लांब दगड नाहीत, अशा भिंती ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत कशा उघडल्या ते सगळ्यांनी पाहिलं. त्यावर गिलावा करणं म्हणजे दुखणं झाकणं.

आता हिशेब. तुम्ही माप दिलंय ३० फूट रुंद, २० फूट उंच, म्हणजे ६०० चौरस फूट. गवंडी याला सहा ब्रास म्हणेल. इथे एक गोंधळ आधीच मिटवा: गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. शब्द एक, मापं दोन. खिडक्यांची जागा वजा करायची की नाही हेही कामाआधी ठरवा, नंतर त्यावर भांडण ठरलेलं.

बाहेरचा गिलावा दोन थरांचा, मिळून २० मिलिमीटर, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. याला ब्रासमागे साधारण दीड पोतं सिमेंट आणि सात घनफूट वाळू लागते. सहा ब्रासला ९ पोती, वाया जाईल ते धरून १०. वाळू ४२ घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास मागवली की पुरते. हे दोन आकडे पाठ करा. तुमच्या भिंतीला कोणी २० पोती सिमेंट मागत असेल तर ती दुसऱ्या साइटवर जाणार आहेत. पाच पोत्यांत करतो म्हणाला तर गिलावा वर्षभरात हाताने झडेल.

माझ्या भागातले सध्याचे भाव घालून दाखवतो, तुम्ही तुमच्या गावचे घाला. गवंडी दिवसाला १,२००, बिगारी ८००. जुना गिलावा उतरवायला बिगाऱ्याच्या सहा हजेऱ्या, ४,८००. दरजा खरवडून भिंत ब्रशने घासून धुवायला दोन हजेऱ्या, १,६००. परांचीचं, म्हणजे उभं राहायच्या बांबूच्या पहाडाचं, भाडं बांधण्या-सोडण्यासह ६,५००. सिमेंट ३,८००, वाळू ३,०००, वॉटरप्रूफिंग पावडर ५००. चिरांची भरणी आणि जाळी २,०००. गवंड्याच्या आठ हजेऱ्या ९,६००, त्यांच्या हाताखाली बिगाऱ्यांच्या दहा, ८,०००. पॅरापेटचा माथा आणि छज्ज्यांच्या कडा ३,५००. राडारोडा उचलून नेणं २,५००. सात दिवस पाणी मारायला रोज अर्धी हजेरी, २,८००. बेरीज ४८,६००. ठेकेदाराचा नफा आणि धावपळ पंधरा टक्के धरा, ५६ हजारांच्या आसपास. चौरस फुटाला ९३ रुपये. रंग यात नाही.

या बेरजेत सिमेंट आणि वाळू मिळून ६,८०० आहेत, म्हणजे सातवा हिस्सा. बाकी सगळे पैसे पाडणं, घासणं, धुणं, उभं राहायला परांची, पाणी मारणं यांत जातात. दुरुस्तीत ही कामं नंतर दिसतच नाहीत. म्हणून 'साहेब, सिमेंट एक नंबर वापरतो' हे ऐकलं की मी खूश होत नाही. वाईट काम करणाराही सिमेंट चांगलंच आणतो, कारण तिथे वाचण्यासारखं फार नसतं. वाचतं ते दुसरीकडे.

३८ हजारवाला कुठे वाचवतोय ते आता मांडून बघा. परांचीऐवजी शिडी आणि दोन पिंपं: ६,५०० गेले. पाणी घरचे मारतील: २,८०० गेले. राडारोडा मागच्या परड्यात: २,५००. पॅरापेट-छज्ज्याला हात नाही: ३,५००. आणि गिलावा सगळा न उतरवता फक्त हाताने सुटेल तेवढा काढायचा, साधारण ३,०००. एकूण १८,३०० कमी. उरले ३०,३००, वर त्याचा नफा, झाले ३८ हजार. बघा, तो चोर नाही. त्याने वेगळ्या, छोट्या कामाचा दर दिलाय आणि तुम्ही तो मोठ्या कामाचा समजलात. तुमच्या वडिलांच्या खडूच्या वेढ्यांत पाव भिंतच भरली, तर त्याचाच दर उलट जास्त ठरेल.

९६ हजारवाल्याला विचारायचं एकच: केमिकल म्हणजे कुठलं, डब्यावरचं नाव काय, किलोत किती चौरस फूट बसतं, किती हात, आणि कुठल्या पृष्ठावर? गिलावा नीट वाळल्यावर बाहेरून अॅक्रिलिकचा पावसाला अडवणारा लेप देणार असेल तर ते चांगलं काम आहे, आणि चौरस फुटाला तीसेक रुपये त्याला मी देईन. म्हणजे १८ हजार, एकूण ७४. पक्कं बिल देणार असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ८७ हजार. मग ९६ फार लांब नाही, घासाघीस होईल. पण जुन्या पोपड्यांवरून ब्रशने दूध-सिमेंट फिरवून त्याला ट्रीटमेंट म्हणणार असेल, किंवा जीएसटी नंबर न देता कर लावणार असेल, तर चहा पाजून निरोप द्या. आतल्या बाजूने लेप देऊन बाहेरची ओल थांबवतो म्हणणाऱ्यालाही. भिंत तशीच भिजत राहते, फक्त तुम्हाला दिसत नाही.

दोघांकडूनही नवा कागद मागा. त्यात किती चौरस फूट गिलावा उतरवणार, जाडी किती, प्रमाण किती, परांची कोणाची, पाणी कोण मारणार, राडारोडा कोण नेणार आणि पॅरापेट-छज्ज्याचं काय, एवढं लिहिलेलं हवं. लिहायला तयार नसेल त्याला हजेरीवर लावा, उक्तं देऊ नका. हजेरीवर काम लांबतं हे खरं, पण उक्त्यात घाई होते, आणि गिलाव्याला लांबणीपेक्षा घाई जास्त मारते.

माल तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, बहुतेक क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळूच येईल. गिलाव्यासाठी चाळलेली, धुतलेली बारीक मागा. काचेच्या ग्लासात निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, ढवळून दोन-तीन तास ठेवा. वाळूवर मातीचा थर बसेल. वाळूच्या उंचीच्या शंभरात आठ भागांपेक्षा जास्त असेल तर ट्रक परत. कोकणातले वाचक असतील तर त्यांना एक वेगळं: खाडीची वाळू न धुता वापरली की भिंतीला लोणा, म्हणजे क्षाराचे पांढरे पोपडे, आणि सळईला गंज, दोन्ही फुकट मिळतात. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं, तीन महिन्यांच्या वर नको. पॅरापेटला नव्या विटा लागल्या तर दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत हव्यात. कमरेच्या उंचीवरून मातीवर सोडली तर फुटू नये. नखाने ओरखडा उठला तर ती वीट भाजलेलीच नाही.

प्रमाण कसं राखतात तेही बघा. घमेल्याने माल मोजणं चूक नाही, अंदाजाने टाकणं चूक. एक पोतं सिमेंट मोकळं केलं की सव्वा घनफूट भरतं. साइटवरच्या घमेल्याने ते एकदा मोजायचं. चार घमेली भरलं तर १:४ साठी वाळूची सोळा घमेली, सारखी भरलेली. आधी कोरडं कालवून रंग एकसारखा झाला पाहिजे, मग पाणी. पाणी घातलेला माल दोन तासांत संपवायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालावर पाणी शिंपडून तो पुन्हा सैल करणारा गवंडी दिसला की समजा, तेवढा पट्टा कमजोर झाला. हे मी स्वतः तरुणपणी शेकडो वेळा केलंय, कारण मुकादम उरलेला माल टाकू द्यायचा नाही.

पुण्यात बसून रोज लक्ष ठेवणं जमणार नाही. तीन वेळा मात्र या, किंवा फोनवर व्हिडिओ मागवा. पहिली वेळ गिलावा उतरवून भिंत धुतल्यावर. विटांच्या दरजा बोटाचं टोक रुतेल इतक्या, सेंटिमीटरभर खरवडलेल्या हव्यात. लिंटेल, म्हणजे खिडकी-दारावरची आडवी तुळई, आणि स्लॅबची कड गुळगुळीत न ठेवता टाचे मारून खडबडीत केलेली हवी. वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे कोंबडी जाळी, दोन्हीकडे किमान चार इंच, खिळ्यांनी ताणून बसवलेली. हे फोटोत नसेल तर पुढचे पैसे थांबवा. दुसरी वेळ पहिला थर झाल्यावर. त्यावर पत्र्याने नागमोडी रेघा ओढलेल्या हव्यात, नाहीतर दुसरा थर धरत नाही, आणि मध्ये दोन-तीन दिवस पाणी मारलेलं हवं. एका दिवसात दोन्ही थर उरकणारा नको. तिसरी वेळ शेवटी: ओळंबा लावा, दहा फुटांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला आडवी-उभी-तिरकी टेकवा, खालून उजेडाची जाड फट दिसू नये. आणि आठ दिवसांनी पुन्हा थापीचा दांडा. नवा गिलावाही बद्द वाजतो, फार वेळा वाजतो.

एक चूक सांगतो, माझीच. कामाला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका जुन्या वाड्याच्या चुन्यातल्या भिंतीला लोणा लागला होता, गुडघ्याएवढा. मी हुशारी केली. १:३ चा कडक सिमेंट गिलावा, पावडर दुप्पट, जमिनीपासून पाच फूट. म्हटलं आता ओलीचं नाव नको. दोन पावसाळे गेले आणि मालकांनी बोलावलं. ओल माझ्या गिलाव्याच्या वर, छातीच्या वर पोचली होती. जमिनीतून चढणारं पाणी पूर्वी खालच्या दोन फुटांतून वाळून जायचं. मी ती वाट बंद केली, ते वर चढलं. चुन्याच्या आणि जांभ्याच्या जुन्या भिंतींना चुन्याचाच किंवा फार मवाळ गिलावा लागतो. तुमची भिंत सिमेंटातली आहे, तुम्हाला ही अडचण नाही. पण पावडर 'थोडी जास्त' टाकू का असं गवंड्याने विचारलं तर पुडक्यावर लिहिलंय तेवढीच, असं सांगा. सिमेंटही तसंच, १:४ चं १:३ केलं की गिलावा मजबूत होण्यापेक्षा तडकण्याची शक्यता जास्त.

पैसे टप्प्याने द्या. सिमेंट-वाळू शक्यतो तुम्ही स्वतः दुकानातून पाठवा, म्हणजे उचल लहान राहते. उचल पाचवा हिस्सा. उतरवणं-धुणं फोटोत दिसल्यावर पुढचा. बाजाराच्या आदल्या दिवशी गवंडी पैसे मागेलच, तेव्हा झालेल्या हजेरीपुरते द्या, त्याला घर आहे. दहा टक्के मात्र पहिला मोठा वळीव होईपर्यंत राखून ठेवा, आणि हे कामाआधीच बोला. नंतर काढलं की ते भांडण वाटतं. काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी मारलेलं पाणी अर्ध्या तासात उडून जातं. तेव्हाच करायचं असेल तर गोणपाट लटकवून ते ओलं ठेवावं लागेल, त्याचा खर्च वेगळा.

शेवटी तुम्ही विचारलंय, पाणी मारायचं काम आईच करते म्हणाली, ते २,८०० वाचवू का? वाचवू नका. वीस फूट उंच भिंत सात दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवायची असते, पाइप वर धरून. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर खालून पाणी नीट पोचत नाही आणि आई तीन दिवसांनी कंटाळतील, ते साहजिक आहे. बिगाऱ्याला अर्धी हजेरी द्या. आईंनी फक्त त्याला दोन वेळा चहा द्यावा आणि अंगणातून एकदा वर बघावं, पॅरापेटच्या खालचा पट्टा ओला आहे की कोरडा.